माणूस, प्राणी आणि सेंटर लाइन वगळून

वस्तूचा फोटो पाठवा. पण त्यात दुसरी वस्तू नको, जोडीचा सरंजाम नको, माणूस नको आणि प्राणीही नको. जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनं, म्हणजे वायपोनं, औद्योगिक डिझाइनच्या आंतरराष्ट्रीय अर्जासाठी ज्या प्रशासकीय सूचना काढल्या आहेत, त्यांतल्या कलम ४०२चा हा मथितार्थ. माणसाचं एक वेळ समजू शकतं. माणूस फोटोत आला की वस्तूकडे बघतो कोण? पण प्राणी? कुठल्यातरी देशातल्या कुणीतरी आपल्या नव्या सोफ्याचा फोटो मांजरासकट पाठवला असणार आणि जिनिव्हातल्या टेबलावर प्रश्न पडला असणार, की संरक्षण सोफ्याला द्यायचं की मांजराला. हा आपला माझा तर्क. पण ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना तो पटेल.

आधी हे प्रकरण काय आहे ते थोडक्यात. वस्तू चालते कशी, त्याचं पेटंट. वस्तूला म्हणतात काय, त्याचा ट्रेडमार्क. आणि वस्तू दिसते कशी, ते डिझाइन. आपला डिझाइन कायदा २००० सालचा. डिझाइनची पारख केवळ डोळ्यांनी करायची, असं त्यात स्वच्छ म्हटलंय. वस्तूचं रूप एका देशात नोंदवलं की हक्क तेवढ्याच देशात मिळतो. दहा देशांत हवा तर दहा अर्ज, दहा वकील आणि दहा ठिकाणच्या फिया. हा खटाटोप एका अर्जात उरकावा म्हणून ६ नोव्हेंबर १९२५ रोजी नेदरलँड्समधल्या हेग शहरात करार झाला आणि १ जून १९२८पासून तो अमलात आला. तेव्हा चित्राऐवजी खुद्द वस्तूच जमा करायची मुभा होती, आणि पहिली पाच वर्षं ती बंद पाकिटात राहू शके. पुढे १९३४ साली लंडनला, १९६० साली पुन्हा हेगला आणि १९९९ साली जिनिव्हाला कराराची एकेक सुधारलेली आवृत्ती निघाली. आज मुख्यतः या शेवटच्या आवृत्तीवर गाडा चालतो. अर्ज इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिशमध्ये करायचा, फी स्विस फ्रँकमध्ये भरायची आणि एका अर्जात १०० डिझाइन्सपर्यंत खुशाल घालायची.

माझा या भानगडीशी संबंध आला तो भाच्यामुळे. तो आइंडहोव्हनला डिझाइन शिकायला गेला आणि तिथंच राहिला. परदेशातल्या मराठी माणसाला ऑक्टोबर लागला की चकली आठवते. या पोराला सोऱ्या आठवला. दट्ट्या दाबून दाबून खांदे भरून येतात, पीठ कडेनं वर चढतं, मूठ हातात फिरते, या आमच्या घरच्या पिढीजात तक्रारी त्यानं मनावर घेतल्या आणि नव्या घाटाचा सोऱ्या आखला. नमुना पितळेचाच हवा म्हणून सुट्टीत आला तेव्हा पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत करायला टाकला. मग तिकडून फोन आला : "मामा, तू ड्रॉइंगं करायचास ना? हेगच्या अर्जाला सात व्ह्यू देऊ म्हणतो. बघशील का जरा?"

मी बघणार नाही तर कोण बघणार? उभी नोकरी मी ड्रॉइंग बोर्डापाशी काढली. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर, रोट्रिंगची पेनं, ट्रेसिंग पेपरवर ब्लेडनं खरवडून काढलेली चुकीची रेघ, यांत हयात गेली. पुढे संगणक आला तेव्हा मी तोही शिकलो. पण डोळा जुनाच राहिला.

नमुना तयार झाल्याचा फोटो कारागिरानं व्हॉट्सॲपवर पाठवला. चौरंगावर सोऱ्या, त्यावर हळदकुंकवाची बोटं, मुठीला झेंडूचा हार, शेजारी नारळ आणि विड्याची पानं, आणि मागे कारागिराचा नातू, हसरा, समोरचे दोन दात पडलेला. कलम ४०२ला जे जे नको ते ते सगळं हजर होतं; प्राणी तेवढा राहिला होता. पहिला नग झाला की आधी त्याची पूजा करायची, हा आपल्याकडचा रिवाज. वस्तू जन्माला आली की ती लगेच कुणाची तरी होते, घरात येते, नात्यात बसते. जिनिव्हाला ती कुणाचीच नको असते. कोऱ्या पार्श्वभूमीवर एकटी उभी असलेली, आगापिछा नसलेली वस्तू त्यांना हवी. कुत्र्याचा पट्टा नोंदवायचा असेल तर कुत्र्याविना. सदऱ्याचा फोटो काढायचा तर आत कुणी नसताना.

मग रीतसर फोटो काढायला बसलो. फोटो व्यावसायिक दर्जाचा हवा, त्याच्या कडा काटकोनात कापलेल्या हव्यात, शाईनं किंवा व्हाइटनरनं डागडुजी केलेला फोटो चालणार नाही. चित्र १६ बाय १६ सेंटिमीटरहून मोठं नको, आणि प्रत्येक डिझाइनच्या निदान एका चित्रात एक बाजू ३ सेंटिमीटर तरी हवी. हे सगळं जमण्यातलं होतं. जमेना ते पितळ. तांबट आळीनं सोऱ्याला असं काही पॉलिश दिलं होतं की त्यात अख्खी खोली मावली. खिडकी, पंखा, कालनिर्णय आणि नळकांड्याच्या बरोबर मध्यभागी दोन्ही हातांत मोबाइल धरलेला मी, पोटासकट. गोल पृष्ठभागावर पोटाला जरा जास्तच न्याय मिळतो. आता कलमाप्रमाणे माणूस निषिद्ध. मी उजवीकडे सरकलो, पोट उजवीकडे सरकलं. टेबलाखाली बसून नुसते हात वर केले तर बोटं तेवढी उमटली. पण बोटंही माणसाचीच. तिन्ही बाजूंनी थर्मोकोलचे तक्ते उभे केले तेव्हा मी गेलो, पण सोऱ्या थर्मोकोलचा दिसायला लागला.

शेवटी बहीण स्वयंपाकघरातून तांदळाची पिठी घेऊन आली. मलमलीच्या फडक्यात बांधून तिनं ती सोऱ्यावर हलक्या हातानं झटकली. चमक गेली आणि घाट उघडा झाला. मूठ नळकांड्याला मिळते तिथला वळसा, कडेची बारीक खाच, तळाच्या चकतीचा ओठ, जे इतका वेळ पंख्याच्या आणि माझ्या प्रतिबिंबाखाली दबलं होतं ते सगळं स्वच्छ दिसलं. बहीण म्हणाली, "मळकट दिसतोय." खरंच मळकट दिसत होता. पण अर्जाला वस्तू चकचकीत नको असते, कळेल अशी हवी असते. जाहिरातीचा फोटो आणि अर्जाचा फोटो यांचं कधीच जमत नाही ते यामुळेच. कारखानदार मोठ्या हौसेनं कॅटलॉगमधले फोटो पुढे करतात; त्यात वाफ असते, कोथिंबीर असते, मागे निळसर उजेड असतो, आणि वस्तूची डावी बाजू कशी आहे हे काही केल्या समजत नाही.

फोटो झाले, तरी अखेर रेषाचित्रंच द्यायचं ठरलं. दोन्हींची सरमिसळ केली की ती दोन वेगळी डिझाइन्स आहेत असं परीक्षकाला वाटण्याचा धोका असतो. मी खूश. माझा हात शिवशिवत होताच. आणि तिथंच सूचनांनी मला गाठलं. तांत्रिक ड्रॉइंग चालणार नाही, विशेषतः अक्ष आणि मापं दाखवणारं तर मुळीच नाही; आणि चित्राच्या आत खुलाशाचा मजकूर नको.

म्हणजे सिलिंडर काढायचा आणि सेंटर लाइन काढायची नाही! आमच्या हेड ड्राफ्ट्समननं सेंटर लाइन नसलेलं ड्रॉइंग हातातसुद्धा धरलं नसतं. माझा हात नळकांडं काढून झाल्यावर आपोआप मधल्या लांब-आखूड-लांब रेघेकडे वळतो. तो मनगटाला धरून मागे आणावा लागला. मापं नाहीत, टॉलरन्स नाही, कोपऱ्यात 'मटेरियल : पितळ' नाही, स्केल नाही. शेडिंग, हॅचिंग चालेल, पण उठाव दिसण्यापुरतं. या ड्रॉइंगवरून भोसरीतला पट्टीचा टर्नरसुद्धा एक सोऱ्या बनवू शकणार नाही, आणि गंमत म्हणजे त्यानं बनवावा अशी कुणाची अपेक्षाही नाही. मी जन्मभर वस्तू करायची कशी हे सांगणारी चित्रं काढली. वस्तू झाल्यावर दिसते कशी, हे कुणी विचारलंच नव्हतं. ती करून झाली की माझं काम संपायचं.

व्ह्यूंना नंबर द्यायचे तेही एका ठरावीक पद्धतीनं : पहिल्या डिझाइनचे १.१, १.२, १.३ आणि दुसऱ्याचे २.१पासून पुढे. समोरच्या व्ह्यूत दिसणारी खाच बाजूच्या व्ह्यूत दिसली नाही, की अमेरिकेतला किंवा जपानमधला परीक्षक विचारणार, यातलं खरं कोणतं? जिनिव्हा मात्र हे विचारत नाही. डिझाइन नवं आहे का, देखणं आहे का, कुणाच्या उपयोगाचं आहे का, यातलं काहीच ती विचारत नाही. ती फक्त कागद नीट आहे ना ते बघते. कागदात खोट निघाली तर पत्र येतं आणि सुधारायला तीन महिने मिळतात. तेवढ्यात सुधारलं नाही तर अर्ज सोडून दिला असं धरतात. नव्याजुन्याचा न्याय ज्याच्या त्याच्या देशानं करायचा. त्यासाठी देशांना सहा महिने, काहींना बारा.

सगळ्यांत नाजूक काम पुढेच होतं : तुटक रेषा. वस्तूच्या ज्या भागावर तुमचा दावा नाही, तो तुटक रेषेनं किंवा वेगळ्या रंगानं दाखवायचा असतो. मी भाच्याला विचारलं, "यात तुझं काय काय?"

"म्हणजे काय? सगळंच."

"नळकांडं?"

"ते... ते आजीच्या सोऱ्यालाही आहे."

"दट्ट्या?"

"तोही आहे."

"चांदणीची चकती?"

यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. चांदणीची चकती पहिल्यांदा कुणी कापली हे महाराष्ट्रात कुणालाच ठाऊक नाही. फिरवायचा स्क्रू बाजारात मिळतो. तळाची कडी मिळते. एकेक करत सोऱ्या त्याच्या हातून सुटत गेला आणि शेवटी उरली ती दोन्ही बाजूंना खाली झुकत गेलेली मूठ आणि ती नळकांड्याला मिळते तिथला तो वळसा. मग मी मूठ आणि वळसा अखंड रेषेत काढले, आणि बाकी सबंध सोऱ्या तुटक. बहिणीनं चित्र बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण सोऱ्या कुठं गेला?"

मला ते चित्र बेहद्द आवडलं. जन्मात काढलेल्या चित्रांत इतकं प्रामाणिक दुसरं नसेल. शिवाय व्यवहारातही हा सौदा तोट्याचा नाही. दावा मोजका ठेवला की तो लांबवर पोचतो. उद्या कुणी भलत्याच नळकांड्याला हीच मूठ बसवली तरी 'ही आमची' म्हणून उभं राहता येतं. चीनमध्ये अशा अंशतः दाव्याला १ जून २०२१पर्यंत वाव नव्हता; कायदा बदलला, आणि ५ मे २०२२ला चीन हेगमध्ये दाखल झाला. आता तुटक रेषेची ही सक्ती इतरत्रही यावी असं मला फार वाटतं. लेखकानं आपल्या पुस्तकात, गवयानं आपल्या बंदिशीत, प्राध्यापकानं आपल्या प्रबंधात कोणती रेष तुटक आणि कोणती अखंड ते दाखवावं. आमच्याकडच्या 'माझी खास आमटी'मध्ये सासूबाईंचा गोडा मसाला तुटक येईल आणि चिंचगुळाचं प्रमाण तेवढं अखंड. मंत्र्यांच्या कोनशिलेचं काय करायचं, हा प्रश्न मी जिनिव्हावर सोपवतो.

निर्मात्याच्या रकान्यापाशी घरात वाद झाला. काही देशांना डिझाइन कुणी केलं त्याचं नाव लागतं. अमेरिकेला तर निर्मात्याचं शपथपत्रच लागतं. शिवाय तिथं दावा एकाच ठरावीक वाक्यात मांडावा लागतो : दाखवल्याप्रमाणे आणि वर्णन केल्याप्रमाणे अमुक वस्तूचं शोभेचं डिझाइन. (याच अमेरिकेत १८७९ साली शिल्पकार बार्तोल्दीनं स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याचं डिझाइन पेटंट घेतलं होतं, तिथं चित्रात माणूस नको म्हणून भागलं नसतं.) तर भाच्यानं स्वतःचं नाव घातलं आणि ते माझ्या आईच्या कानावर गेलं. आई म्हणाली, "मूठ खाली झुकती ठेव, खांदा धरत नाही, हे मी सांगितलं होतं त्याला. फोनवर. घाल म्हणावं माझं नाव."

आईच्या म्हणण्यात दुहेरी संकट होतं. एक तर नाव. आणि दुसरं, ती जे सांगत होती ते अर्जाच्या मुळावर येणारं होतं. रूप निव्वळ कामासाठीच तसं झालं असेल तर त्याला डिझाइनचं संरक्षण मिळत नाही. ते पेटंटवाल्यांकडे न्यावं लागतं. म्हणजे खांदा धरू नये म्हणून झुकती केलेली मूठ इथं उपयोगाची नाही, झुकल्यानं देखणी दिसणारी मूठ उपयोगाची. भाच्यानं समजूत घातली, "आजी, झुकती ठेव तू म्हणालीस, पण कशी झुकवायची ते मी काढलं ना?" आई म्हणाली, "बरं बाबा. मग चकल्याही तूच पाड." कायद्याच्या दृष्टीनं बघितलं तर भाच्याचंच बरोबर होतं. चकल्यांच्या दृष्टीनं त्या वर्षी आमचं नुकसान झालं.

वर्णनाचा रकाना मी हौसेनं हातात घेतला होता. तिथंही लगाम आहेच. वर्णन चित्रात दिसणाऱ्या वैशिष्ट्यांचंच करायचं. वस्तू कशी चालते आणि कशासाठी वापरता येते हे लिहायचं नाही. म्हणजे सोऱ्याच्या वर्णनात चकलीचं नाव नाही! आणि वर्णन १०० शब्दांच्या वर गेलं तर पुढच्या प्रत्येक शब्दाला २ स्विस फ्रँक. पूर्वी तारेत शब्दागणिक पैसे पडायचे, तेव्हा 'पोहोचलो खुशाल' एवढ्यात लोक सगळा प्रवास बसवायचे. आपल्याकडची तार २०१३च्या जुलैत बंद झाली, पण ती शिस्त जिनिव्हात अजून जिवंत आहे. हा लेख मी त्या रकान्यात भरला असता तर साडेतीन हजार फ्रँकच्या आसपास दंड झाला असता. मूळ फी एका डिझाइनला ३९७ फ्रँक, छापायच्या प्रत्येक चित्राला १७, म्हणजे सात व्ह्यूंचे ११९. त्यावर जितके देश निवडाल तितक्यांच्या फिया वेगळ्या. हा हिशोब केल्यावर मी सोऱ्याचं वर्णन चार ओळींत संपवलं. माझ्या लेखनाचं संपादन आजवर कुणालाही इतकं चांगलं जमलेलं नाही.

आणखी एक मौजेची चीज म्हणजे वर्ग. १९६८ साली लोकार्नो या स्विस गावी जगातल्या तमाम वस्तूंची खानेसुमारी झाली आणि आजच्या घडीला तिचे ३२ वर्ग आहेत. पहिला वर्ग खाद्यपदार्थांचा, तिसऱ्यात छत्र्या आणि हातातल्या काठ्या, दहाव्यात घड्याळं, सतराव्यात वाद्यं. बाविसाव्या वर्गात बंदूक, फटाके, मासेमारीचं सामान आणि उंदराचा सापळा एकाच खोलीत नांदतात. एका अर्जातली १०० डिझाइन्स एकाच वर्गातली हवीत, हा नियम. म्हणजे दिवाळीचा म्हणून सगळा सरंजाम एका अर्जात लोटता येत नाही. हातानं चालवायचा सोऱ्या सातव्या वर्गात, घरगुती सामानात. त्यालाच मोटर बसवली की तो एकतिसाव्यात, यंत्रांत. चकली स्वतः पहिल्या वर्गात. समई सव्विसाव्यात आणि तिच्यासमोर मांडलेला पाट सहाव्यात. वर्गवारी करणारांनी जग नीट लावून ठेवलंय यात शंका नाही. फक्त आपलं देवघर त्यांनी बघितलेलं नाही.

चित्राऐवजी नमुना पाठवण्याची जुनी मुभा पूर्ण गेलेली नाही. डिझाइन सपाट, द्विमितीय असेल आणि प्रसिद्धी लांबणीवर टाकायची विनंती केली असेल, तर नमुना पाठवता येतो. मात्र तो २६.२ बाय १७ सेंटिमीटरच्या आत, वजनानं ५० ग्रॅमपर्यंत, जाडीनं ३ मिलिमीटरपर्यंत हवा आणि ए-फोर कागदावर चिकटवलेला हवा. हे वाचताच मला पापड आठवला. सपाट, हलका, ३ मिलिमीटरच्या खूप आत, आणि पहिल्या वर्गात त्याला जागाही आहे. पण पुढेच वाक्य आहे : नाशवंत किंवा साठवायला धोकादायक वस्तू स्वीकारल्या जाणार नाहीत. आमच्या आईचा उडदाचा पापड नाशवंत नाही हे सिद्ध करायला मी एका पायावर तयार आहे. पण मिरी जास्त झालेला एखादा पापड धोकादायक ठरणारच नाही, याची हमी देता येत नाही.

नोंदलेलं डिझाइन एरवी १२ महिन्यांनी प्रसिद्ध होतं. स्पर्धकांनी आधीच बघू नये असं वाटत असेल तर ३० महिन्यांपर्यंत थांबवता येतं. मोजक्या देशांना असं थांबवणं मान्य नाही. अमेरिका त्यांतलीच, त्यामुळे तिचं नाव यादीत ठेवलं की थांबवायची विनंती बाजूला पडते. भाच्यानं बराच विचार करून अमेरिका निवडली. एका अर्थी बरंच झालं. गुपित ३० महिने ठेवणं जिनिव्हाला जमतं. आमच्याकडे ते दुपारच्या चहापर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. मावशी, आत्या, दोन वहिन्या आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू यांना मूठ झुकती आहे हे आईनं केव्हाच सांगून टाकलं होतं. खांद्याच्या कारणासकट.

भाच्याला हे सगळं करता आलं ते तो नेदरलँड्समध्ये राहतो म्हणून. हेगच्या रस्त्यानं जायचं तर करारातल्या एखाद्या देशाचं नागरिकत्व, तिथं कायमचं घर किंवा वास्तव्य, नाहीतर खराखुरा धंदा असावा लागतो. कोरिया २०१४ साली आला, अमेरिका आणि जपान २०१५ साली आले. मी हे लिहितोय तेव्हा भारत त्यात नाही. लोकार्नोचे ३२ वर्ग मात्र आपण २०१९ साली स्वीकारले. म्हणजे खण तेच, पण टपाल वेगळं. ज्या कारागिरानं सोऱ्या घडवला त्यानं स्वतःचं एखादं डिझाइन काढलं, तर त्याला कोलकात्याच्या डिझाइन विभागाकडे अर्ज करावा लागेल. हक्क १० वर्षांचा, वर आणखी ५. मग पॅरिस कराराच्या आधारानं सहा महिन्यांच्या आत ज्या ज्या देशात संरक्षण हवं तिथं वेगळा अर्ज, वेगळा वकील, वेगळी फी. अर्जाच्या या देशोदेशींच्या अटी सारख्या व्हाव्यात म्हणून सुमारे दोन दशकं चर्चा चालली आणि २२ नोव्हेंबर २०२४ रोजी रियाधला करार संमत झाला. तो अमलात यायला १५ जणांची मान्यता लागते. तांबट आळीला त्याचा उपयोग केव्हा होईल ते होवो.

तोवर वाचकांना एकच सांगणं. यंदा घरात नवा सोऱ्या, नवी किसणी, नवं काहीही घडलं तर आधी अर्ज करा. आपल्याकडे एकट्यादुकट्या माणसाला फी हजार रुपये आहे. युरोप आणि अमेरिका डिझाइन जाहीर झाल्यानंतरही स्वतः निर्मात्याला वर्षभराची सवलत देतात. आपला कायदा तशी सरसकट सवलत देत नाही. आधी प्रसिद्ध झालेलं डिझाइन इथं नवं धरत नाहीत. तेव्हा शेजारी चकल्या जरूर पाठवा. सोऱ्याचा फोटो ग्रुपवर टाकू नका.